मातीच्या घराचं कौतुक भिंतीपाशीच थांबतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मातीच्या घरांवर पानभर मजकूर आला होता. फोटो देखणे होते. गेरूनं रंगवलेल्या भिंती, कोनाड्यातल्या पणत्या, बाटल्यांचे तळ बसवून केलेली खिडकी. तो वाचून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला फोन केले, कारण दक्षिण सोलापूर तालुक्यात, मंद्रूपच्या पुढं, आमच्या शेतात मी तसलंच एक लहान घर बांधून राहते हे त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच: भिंतीला माती कुठली वापरली? पाया किती खोल गेला, छप्पर कशाचं घातलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांचा तरी काय दोष? आपल्या लेखातही भिंतीखाली काय आणि भिंतीवर काय, याबद्दल अवाक्षर नव्हतं. आपल्या जिल्ह्यात घर टिकणार की नाही हे याच दोन ठिकाणी ठरतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण पाया आणि छपराचा भाग तेवढा ठेवा.

मी इंजिनिअर नाही. आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवण्यात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर गावाकडं राहायचं ठरलं तेव्हा ठेकेदाराकडं न जाता घर स्वतः आखून, मजूर लावून, उभं राहून बांधायचं असं मी म्हटलं. आमच्या ह्यांनी आधी हसण्यावारी नेलं आणि मग नाइलाजानं पैशाचा हिशेब ठेवायची वही आणली.

सुरुवात जागेपासून. आमचं रान काळ्या मातीचं. ज्वारी, तूर उत्तम. घराला मात्र ही माती वैरीण. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो आणि पाऊस लागला की तीच माती फुगते. वर उचलायचं, खाली सोडायचं, हा तिचा दरवर्षीचा उद्योग. भिंत सिमेंटची असो की मातीची, असल्या जमिनीत पाया उथळ राहिला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघतेच. नव्या वसाहतींतली घरं बघा, दिवाळीला बुजवलेल्या चिरा पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी परत दिसतात.

ह्यांना घर विहिरीजवळ, चिंचेखाली हवं होतं. मी म्हटलं, आधी विहिरीत डोकावू. विहिरीच्या कडेला जमिनीचे थर उघडे दिसतात, त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तिथं काळी माती पुरुषभर खोल आणि मग मुरूम. शिवाय चिंच. मोठं झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळं झाडाकडची बाजू जास्त खचते. रानाच्या वरच्या अंगाला बरड तुकडा आहे, तिथं हुलगासुद्धा धड येत नाही. तिथं दीड फुटावर मुरूम लागला. घर तिथं घेतलं. विहिरीपासून पाइप टाकायला जे गेले त्याहून जास्त पायाच्या खोदाईत वाचले. जुन्या लोकांनी गावठाणं उंचवट्यावर उगीच नाही धरली.

ज्याच्याकडं असा तुकडा नाही त्यानं काळी माती मुरमापर्यंत काढून टाकावी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना चांगली रुंद, आणि बाहेरून आणलेला मुरूम थराथरानं पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून घट्ट बसवत भरावा. मुरूम फारच खोल असेल तर तिथं आपली हौस थांबवून जाणकार इंजिनिअरला बोलवावं. काढलेली काळी माती भिंतीला वापरायचा मोह होतो. ती विटेतही तडकते.

पायावर अडीच फुटांचं जोतं, काळ्या दगडाचं, चुन्यात. दगड गावातल्या आमच्या पडक्या घराचे. मातीची भिंत वरून येणाऱ्या पावसापेक्षा खाली आपटून उडणाऱ्या थेंबांनी आणि साचलेल्या पाण्यानं जास्त मरते. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या वेळी आमच्या गावात ज्या भिंती बसल्या त्यांच्या बुडाशी पाणी उभं होतं. जोत्याभोवती तीन फूट रुंद शहाबादी फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवली आणि पुढं चर काढला. फोटोत हे काही छान दिसत नाही.

आता आकार. शिवणात आधी कागदी नमुना काढतो, मगच कापडाला कात्री लावतो. तसंच मी खाकी कागदावर घर काढलं, एक फुटाला एक सेंटिमीटर. आत २४ फूट लांब, १४ फूट रुंद. भिंती दीड फूट जाडीच्या. बेरीज केली आणि डोळे उघडले. बाहेरून घर २७ बाय १७, म्हणजे ४५९ चौरस फूट. आत वापरायला मिळतात ३३६. एकशे तेवीस चौरस फूट भिंतींनीच खाल्ले, चौथ्या हिश्शाहून जास्त. मोठ्या वाड्यात हे जाणवत नाही. लहान घरात जाड भिंतीची किंमत अशी मोजावी लागते, आणि हे कुठल्याही कौतुकाच्या लेखात मी वाचलेलं नाही. म्हणून आतली आडवी भिंत जाड घेतली नाही. तुराट्या आणि बांबूचा कूड करून दोन्हीकडून माती लिंपली, चार बोटं जाडीचा.

पण लगेच दुसरा प्रश्न. चोवीस फूट लांबीची मातीची भिंत मधे आधार नसताना उभी ठेवणं धोक्याचं. शेजारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात, त्यांनी मला भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३८२७ दाखवलं. मातीच्या इमारती भूकंपात कशा टिकवाव्यात याचं ते मानक आहे, १९९३ सालचं. त्यात सांगितलंय की भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, दोन आधारांमधली लांबी दहापटीहून जास्त नको, दार-खिडकी १.२ मीटरपेक्षा रुंद नको आणि कोपऱ्यापासून निदान तेवढं अंतर सोडावं. आमच्या दीड फूट भिंतीला दहापट म्हणजे पंधरा फूट. म्हणून लांब भिंतींना मधोमध, आतल्या अंगानं, दोन-दोन फुटांचे जाड आधार भिंतीतूनच काढले आणि कूड त्यांच्या मधे बसवला. आधारांच्या बगलांत मला कपाटासाठी खोल जागा मिळाली. स्वयंपाकघराची खिडकी मात्र मला कोपऱ्यात हवी होती, ओट्यावरून रस्ता दिसावा म्हणून. ती सरकवावी लागली. आता ओट्यावरून गोठा दिसतो.

१९९३ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला मानक आठवत नाही, किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं. सोलापुरातही लोक घराबाहेर पळत आले होते. त्यानंतर आपल्या भागात माती-दगडाच्या घराबद्दल मनात जी भीती बसली ती खोटी नाही, पण तिचा रोख चुकला. हजारो माणसं जिथं गाडली गेली त्या भिंती म्हणजे आतबाहेर दगडाचे दोन पापुद्रे आणि मधे माती-खड्यांची भर. दोन्ही पापुद्र्यांना शिवणारे आरपार दगड नव्हते, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नव्हते आणि डोक्यावर फूट-दीड फूट मातीचं माळवद. जिथं माळवद लाकडी खांब-तुळयांवर, म्हणजे खणांवर, उभं होतं, तिथं काही ठिकाणी भिंती ढासळल्या तरी छप्पर जागेवर राहिलं.

म्हणून आम्ही छप्पर भिंतीवर टेकवलंच नाही. आत लाकडी खांब, दगडी तळखड्यांवर, आणि त्यावर तुळया. लाकूड पडक्या घरातलं, थोडं वखारीतून घेतलेलं जुनं सागवान. भिंतीत दारं-खिडक्यांच्या वर सलग लाकडी पट्टा घरभर फिरवला: दोन समांतर पट्ट्या, मधे आडव्या काठ्या, कोपऱ्यात तिरकस सांधा. तसाच दुसरा पट्टा भिंतीच्या माथ्यावर. मजुरांना ते फुकटचं लाकूड घालवणं वाटलं. घर हललं तर चारही भिंतींनी एकत्र हलावं यासाठी तो पट्टा असतो, हे साहेबांनी त्यांना समजावलं.

भिंतीबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. कच्च्या विटा पाडल्या, आमच्याकडं म्हातारे त्यांना भेंडे म्हणतात. पडक्या घराची पांढरी माती, बारीक चाळलेला मुरूम आणि गव्हाचा भुसा. माती कळायला बरणी पुरते: तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, त्यावर गाळ, आणि चिकण सर्वांत वर, दुसऱ्या दिवशी. चिकण चौथा-पाचवा हिस्सा असली की बरं. जास्त असेल तर वीट तडकते, कमी असेल तर पोटरीला घासली तरी झडते. दोन फुटी लाकडी साच्यात ओली माती भरून वाळल्यावर ती किती आक्रसली हेही बघावं. विटा हिवाळ्यात पाडायच्या, सावलीत वाळवायच्या, आडव्या-उभ्या फिरवायच्या. वरून गिलावा चुन्याचा किंवा मातीचा. सिमेंटचा नको, त्यात आतली ओल अडकते आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो. माती फुकट असते पण मजुरी नसते, हेही फोटोत दिसत नाही. तरीसुद्धा आमच्या हिशेबाच्या वहीत चारही भिंतींना लागलेली रक्कम छपराच्या निम्मीही भरली नाही.

तर छप्पर. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे ज्या महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्याच महिन्यात दुपारचं ऊन भिंतीला जवळजवळ लागतच नाही. सगळं छपरावर पडतं. भिंत कितीही जाड करा आणि वर चार-पाच इंचांचा स्लॅब टाका, तो दुपारभर तापून संध्याकाळी खाली ओतायला लागतो. आपण सोलापूरकर सांजच्याला स्लॅबवर बादल्या ओततो, ते याचसाठी. जाड मातीच्या भिंतीतून मात्र दुपारची धग आत यायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडून ती बाहेर घालवता येते. उन्हाळ्यात आमच्या खिडक्या सकाळी नऊला बंद होतात आणि रात्रभर उघड्या राहतात. दिवसा उघड्या ठेवल्या तर भिंतीच्या जाडीचा उपयोग नाही.

जुन्या लोकांचा छपराला तोडगा माळवद. उष्णतेला त्याच्यासारखं काही नाही, मी माळवदाखालीच वाढले. पण वजन बघा. फूटभर माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो, दीड फूट म्हणजे साडेसातशे. साडेचार इंची स्लॅब तीनशेच्या आत असतो. शिवाय दरवर्षी मृगाआधी वर चढून नवी पांढरी माती टाकायची, चोपायची, गवत उपटायचं, पन्हाळी साफ करायच्या. पूर्वी घरात दहा हात होते. आता मुलं पुण्यात आणि आम्हा दोघांचे गुडघे दुखतात. माणसं गेली की माळवद पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच गळायला लागतं, गावोगाव हेच दिसतंय.

आमच्या गवंड्यानं, जुन्या वाड्यांची डागडुजी करण्यात हयात गेलेला म्हातारा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा, मला सरळ सांगितलं, “बाई, भिंतीची माती बिघडली तर परत भिजवून लावता येते. वरचं पाणी आत आलं तर सगळंच भिजतंय. पत्रं घाला की ओ, लाजताव कशाला?” मग मधला मार्ग काढला. तुळयांवर किलचन, म्हणजे आडव्या बारीक लाकडी पट्ट्या, त्यावर बांबू आणि तुराट्यांचा थर, त्यावर भुसा जास्त, माती कमी असा तीन इंचांचा हलका लेप. त्याचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आतबाहेर. त्याच्या वर फूटभर मोकळी जागा ठेवून पत्र्याचं दुपाखी छप्पर, चारही बाजूंनी अडीच फूट बाहेर काढलेलं. दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे पत्र्याखालची तापलेली हवा निघून जाते. ऊन पत्र्यावर, पाऊस पत्र्यावर, आणि खालचं मातीचं छत कायम सावलीत व कोरडं.

एवढी मातीची हौस आणि वर पत्रा, म्हणून आलेगेले हसतात. हसू देत. सगळं नैसर्गिकच पाहिजे या हट्टापायी छप्पर गळकं राहिलं तर खालच्या नैसर्गिक भिंतीचा चिखल होतो. आपल्याकडं पाऊस मोजका, पण तो सप्टेंबर-ऑक्टोबरात जोरानं आणि वाऱ्यासकट येतो. न्हाणीघर आणि संडासही मी मातीचे केले नाहीत. भाजक्या विटा, सिमेंटचा गिलावा, आणि मुख्य घराच्या पश्चिमेला हातभर फट सोडून वेगळी बांधणी. तिन्हीसांजेचं तिरपं ऊन ती खोली अंगावर घेते आणि ओल घराच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

वाळवीबद्दलही लोक विचारतात. दगडी जोतं, खांबांखाली तळखडे, बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढणं, आणि घराला लागून लाकूडफाटा न रचणं, एवढंच आम्ही केलं.

कर्जाचं मात्र जमलं नाही. एका बँकेत गेलो होतो, तिथल्या अर्जात आरसीसी सांगाड्याशिवाय रकानाच नव्हता. आमच्या शेजारच्या साहेबांनी मानकाची प्रत पुढं केली, ती कुणी उलटूनही पाहिली नाही. निवृत्तीची रक्कम होती म्हणून आमचं भागलं. ज्याची नाही त्याचं काय?

त्याच माणसासाठी खरं तर लिहितेय. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात ठेकेदार लावता येत नाही, लाभार्थ्यानंच घर बांधायचं असतं. म्हणजे जिल्ह्यातला प्रत्येक घरकुलवाला स्वतःच बांधणारा आहे. त्याला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं व्हावं लागतं. एवढ्या पैशात तो सिमेंटच्या चार भिंती आणि वर स्लॅब किंवा नुसता पत्रा घालतो, आणि उन्हाळ्यात दुपारी लिंबाखाली बाज टाकून पडतो. त्याच्या गावात दगड आहे, मुरूम आहे, तुराट्या आहेत, पडक्या घरांची पांढरी माती आहे. भिंत घालणारे वडार आणि गवंडी अजून हातपाय धरून आहेत. नाही तो फक्त एक नकाशा: काळ्या रानात टिकेल असा पाया, मोजून दिलेली भिंत, सलग पट्टे आणि हलकं दुहेरी छप्पर असलेला, मानकाप्रमाणं तपासून सही-शिक्क्यानिशी मिळणारा.

जिल्हा परिषदेनं असा २६९ चौरस फुटांचा एक नकाशा करून घ्यावा आणि ग्रामपंचायतींत लावावा, मराठीत आणि दक्षिण सोलापूर-अक्कलकोटच्या गावांसाठी कन्नडमध्येही. सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेका गावातलं एक उभं माळवदाचं घर मोजायला पाठवावं: तुळई केवढी, खण किती, मातीचा थर किती, कुठं खचलंय आणि का. जेसीबी रोज एखादं पाडतोच आहे. लाकूड वखारीत जातं, दगड कुंपणाला जातो आणि बांधणी कशी होती हे सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

आपल्या पुरवणीलाही एक सुचवते. पुढच्या वेळी मातीच्या घरावर लिहाल तेव्हा छायाचित्रकाराला जोत्यापाशी बसवा आणि छपरावर चढवा. सोबत माझ्या घराचा खाकी कागदावरचा आराखडा आणि छपराचा छेद पाठवते आहे. छापायला नाही जमला तरी कार्यालयात ठेवा आणि कुणी मागायला आलं तर छायाप्रत काढू द्या. खिडक्यांची मापं लाल शाईत आहेत. ज्याची भिंत दीड फुटाहून बारीक असेल त्यानं ती तशीच न उचलता आधी इंजिनिअरला दाखवावीत.

आपली,
एक निवृत्त शिवणकाम निदेशिका,
ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर